इंग्रजी शब्दकोश कसा चाळावा

हातमागाचा खटका पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या येवल्यासारख्या तालुक्याच्या गावी, ज्या घरात शाळकरी मूल आहे त्या घरात इंग्रजी शब्दकोश बहुधा असतोच. आणि २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीच्या वर्गापासूनच इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाल्यावर तर हा ग्रंथ दप्तर व कंपासपेटी यांच्या जोडीने शालेय खरेदीच्या यादीत जाऊन बसला आहे. परंतु ग्रंथ घरात असणे निराळे आणि तो वाचनात असणे निराळे. अडलेला शब्द काढावा, त्यापुढे दिसेल तो पहिला मराठी प्रतिशब्द पाठ्यपुस्तकाच्या समासात पेन्सिलीने टिपावा आणि कोश मिटून ठेवावा, एवढाच त्याचा उपयोग बहुतेक ठिकाणी होतो. आणि मग वर्षानुवर्षे शब्द पाठ करूनही वाक्य का जुळत नाही, अर्ज का साधत नाही, वाचलेल्या मजकुराचा मेळ का बसत नाही, अशी तक्रार आपण करीत राहतो.

या तक्रारीवर जो उपाय येथे सुचवावयाचा आहे तो खर्चाचा नाही आणि कठीणही नाही. एखादा शब्द पाहावयास गेलेल्या वाचकाने त्या शब्दाची नोंद अथपासून इतिपर्यंत वाचावी, नंतर तिच्या मागच्यापुढच्या नोंदींवरून सावकाश दृष्टी फिरवावी, आणि हाती आलेला अर्थ शेवटी आपल्या मराठीत, आपल्या शब्दांत मांडून पाहावा. चाळणे याचा अर्थ आम्ही एवढाच घेतो. ते कसे करावे याचा तपशील पुढे दिला आहे.

पाठ करण्याचे कोश आणि चाळण्याचे कोश

आपल्याकडे कोशरचनेची परंपरा अत्यंत प्राचीन आहे, पण ती पाठांतराची परंपरा आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अमरसिंहाचा अमरकोश तीन कांडांत विभागलेला असून त्यातील शब्द स्वर्ग, पाताळ, भूमी, वनौषधी, मनुष्य अशा विषयवार वर्गांत छंदोबद्ध रीतीने गुंफलेले आहेत. तो मुखोद्गत असलेल्या विद्यार्थ्याला पान उलटण्याचे कारणच पडत नसे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी सिद्ध केलेला राज्यव्यवहारकोश, ज्यात दरबारी व्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत, तोही याच वर्गवार पद्धतीचा आहे. अशा कोशात एका विषयाचे शब्द एकत्र भेटतात, परंतु केवळ शब्द ठाऊक आहे आणि विषय ठाऊक नाही, अशा वाचकाची तेथे पंचाईत होते.

अकारविल्हे कोशाचे नेमके उलट आहे. तेथे शब्दाचा अर्थ मुळीच ठाऊक नसला तरी चालते. त्याची अक्षरे तेवढी ठाऊक असावी लागतात. ही पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी कोणास शिकवावी लागली असेल हे खरे वाटत नाही. पण इंग्लंडात १६०४ साली रॉबर्ट कॉड्री याने सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचा जो पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश छापला, त्याच्या आरंभी त्याला वाचकांना समजावून सांगावे लागले की, आधी वर्णमाला क्रमाने नीट पाठ करा, आणि शब्द आरंभीच्या अक्षराचा असेल तर ग्रंथाच्या आरंभी व शेवटाकडच्या अक्षराचा असेल तर शेवटाकडे पाहा.

मराठीला हे वळण लावण्यात जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याचा वाटा मोठा आहे. त्याने थॉमस व जॉर्ज कँडी हे बंधू आणि अनेक शास्त्री यांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध केला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. आणि इंग्रजी-मराठी कोश, जो मोल्सवर्थने हाती घेतला व थॉमस कँडीने पूर्ण केला, तो १८४७ साली बाहेर पडला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नीळकंठ बाबाजी रानडे यांनी इंग्रजी-मराठीचा विस्तृत कोश रचिला. आज शाळकरी मुलांच्या हाती जे सुटसुटीत कोश दिसतात त्यांच्या पाठीशी या मंडळींचे श्रम आहेत.

ज्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली, त्या येवल्यातील वाचकाला आणखी एक गोष्ट अवश्य ठाऊक असावी. बौद्ध धर्माच्या अध्ययनासाठी बाबासाहेबांनी पाली भाषेचा अभ्यास केला, आणि तो करताना पाली शब्दांचे इंग्रजी, मराठी, हिंदी व गुजराती अर्थ देणारा कोश स्वतः सिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाचा सोळावा खंड म्हणून पाली व्याकरणासह तो १९९८ साली प्रसिद्ध केला आहे. एवढ्या व्यापात असलेल्या पुरुषाला परकी भाषा आत्मसात करताना शब्दांची स्वतः नोंद करीत बसणे कमीपणाचे वाटले नाही, हे शब्दकोशाला केवळ शाळकरी मुलांचे साधन समजणाऱ्या प्रौढांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कोणता कोश घ्यावा

एकच कोश सर्वांच्या उपयोगी पडत नाही. सातवी-आठवीपर्यंतच्या मुलास इंग्रजी-इंग्रजी-मराठी असा त्रैपदी कोश पुरेसा होतो. त्यात मराठी प्रतिशब्द धीर देतो आणि इंग्रजी व्याख्या हळूहळू ओळखीची होते. त्यापुढील विद्यार्थ्याने परभाषिकांसाठी मुद्दाम रचलेला इंग्रजी-इंग्रजी कोश जवळ करावा. या जातीच्या कोशांचा आद्य प्रवर्तक ए. एस. हॉर्नबी हा जपानात इंग्रजी शिकवीत असे, आणि त्याचा कोश प्रथम १९४२ साली टोकियोतच छापला गेला. तोच पुढे ऑक्सफर्डने आपल्या नावाने प्रसिद्ध केला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना कोठे अडचण पडते याचा विचार करूनच तो रचलेला असल्यामुळे शब्द वाक्यात कसा बसतो हे त्यात जितके मिळते तितके इंग्रजांनी इंग्रजांसाठी रचलेल्या कोशांत मिळत नाही. लाँगमनच्या १९७८ सालच्या कोशात तर सर्व व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांच्या मर्यादेत लिहिण्याचा नेम पाळलेला आहे. तेवढे दोन हजार शब्द ज्याला आले त्याला उरलेला कोश कोणाच्या मदतीवाचून वाचता येतो.

वीस खंडांचा थोरला ऑक्सफर्ड कोश घरी आणण्याची गरज नाही, परंतु तो काय आहे हे कळावे. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिल्या आवृत्तीचे काम १९२८ साली पुरे झाले. प्रत्येक शब्द कोणत्या शतकात कोणत्या अर्थाने वापरला गेला त्याची अवतरणांसह कैफियत त्यात दिली आहे. जिल्ह्याच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो दृष्टीस पडल्यास एखादी दुपार त्याच्यापुढे बसून काढावी. ग्रंथालयांत असे कोश संदर्भ विभागात ठेवण्याचा व घरी न देण्याचा शिरस्ता असतो. तेव्हा वही बरोबर न्यावी.

जुन्या कोशांविषयी एक इशारा देणे जरूर आहे. कँडीच्या वा रानड्यांच्या कोशातील मराठी आजही भरघोस व रसाळ वाटते, पण त्यातील इंग्रजी शतकापूर्वीचे आहे. मराठी शब्दसंपत्तीसाठी जुना कोश पाहावा आणि इंग्रजीच्या चालू वापरासाठी गेल्या दहा-पंधरा वर्षांतील आवृत्ती पाहावी, असा विभाग ठेवल्यास घोटाळा होत नाही.

शब्द सापडावा कसा

इंग्रजीतील वर्णक्रम आपल्या वर्णमालेप्रमाणे उच्चारस्थानांवर बसविलेला नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असा काही न्याय त्यात शोधू नये, तो केवळ पाठच असला पाहिजे. त्यातही कोणते अक्षर किती पाने व्यापते याचा अंदाज असला म्हणजे हात चटकन योग्य ठिकाणी पडतो. ढोबळमानाने कोशाचे चार सारखे भाग कल्पावेत: पहिल्यात ए ते डी, दुसऱ्यात ई ते एल, तिसऱ्यात एम ते आर, आणि चौथ्यात एस ते झेड. सर्वांत विस्तीर्ण मुलूख एस या अक्षराचा. सी आणि पी त्याच्या पाठोपाठ. एक्सला जेमतेम पान-दोन पाने. प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या पानावरील पहिला व शेवटचा शब्द छापलेला असतो. पाने उलटताना खालचा मजकूर न पाहता तेवढे दोन शब्द पाहिले म्हणजे निम्मा वेळ वाचतो.

दोन शब्दांचे मिळून झालेले शब्द असले म्हणजे क्रमाच्या दोन रीती संभवतात. काही कोश मधली मोकळी जागा जमेस धरीत नाहीत, त्यामुळे आइसबर्ग आधी येतो आणि आइस क्रीम नंतर. काही कोश पहिला शब्द संपला की तेथेच क्रम पुरा मानतात, आणि मग आइस क्रीम आधी लागते. आपल्या कोशाची रीत कोणती ते एकदा पाहून ठेवावे, म्हणजे असलेला शब्द नाही असा गैरसमज होत नाही.

मराठी वाचकाची खरी अडचण मात्र निराळी आहे. आपली लिपी उच्चारानुसारी, त्यामुळे कानाने ऐकलेला शब्द आपण त्याच आवाजाच्या अक्षराखाली शोधतो आणि तो तेथे नसतो. सबब पुढील गोष्टी लक्षात असाव्यात. आरंभी ‘न’ हा आवाज ऐकू आला आणि शब्द एन या अक्षरात सापडला नाही, तर के व जी ही अक्षरे पाहावीत. नाइफ, नॉलेज हे शब्द केच्या पोटात आहेत. र ऐकू आला तर आरनंतर डब्ल्यू पाहावे, कारण राइट म्हणजे लिहिणे व रिस्ट म्हणजे मनगट हे तेथे आहेत. स हा एस, सी आणि पी या तिन्ही ठिकाणी वसलेला आहे. सायकॉलॉजी पीत सापडते. क हा सी, के, क्यू यांत विभागलेला असून केमिस्ट्रीसारखे शब्द सी-एच या जोडीखाली मिळतात. फ ऐकला तर एफ आणि पी-एच. ज ऐकला तर जे आणि जी. ऑनर, अवर यांसारख्या स्वरारंभी शब्दांसाठी एच. य ऐकला तर वाय, यू आणि ई, कारण यूथ, युनिव्हर्सिटी आणि युरोप हे तीन शब्द तीन ठिकाणी राहतात. व हा व्ही आणि डब्ल्यू यांपैकी कोठे आहे हे केवळ कानावरून कळेलच असे नाही, म्हणून दोन्ही दारे ठोठवावीत. ही यादी कोशाच्या मलपृष्ठाच्या आत कागदावर लिहून चिकटवून ठेवावी.

एक नोंद पूर्ण वाचण्याची रीत

आता मुख्य विषयाकडे वळू. येवल्यातील वाचकासाठी शटल हा शब्द उदाहरणास घेणे सोयीचे, कारण त्या शब्दाचा पहिला अर्थ त्याच्या घरात किंवा शेजारघरी मागावर रोज इकडून तिकडे धावत असतो. नोंद उघडली म्हणजे प्रथम जाड ठशात शीर्षशब्द दिसतो; त्यापुढे दोन तिरप्या रेघांच्या मध्ये उच्चार; नंतर तो नाम आहे की क्रियापद याची खूण; आणि मग आकड्यांनी वेगळे केलेले अर्थ. पहिला अर्थ धोटा, म्हणजे ताण्याच्या धाग्यांमधून बाण्याचा धागा घेऊन आरपार जाणारे मागाचे साधन. दुसरा, शिवणयंत्रात खालचा धागा वरच्या धाग्यात अडकवून देणारा भाग. तिसरा, दोन ठिकाणांच्या दरम्यान सारखी ये-जा करणारी गाडी किंवा बस. चौथा, बॅडमिंटनचे फूल. पाचवा, अंतराळात जाऊन पुन्हा माघारी येणारे यान. पुढे क्रियापद म्हणून त्याचा अर्थ खेपा घालणे. शेवटी व्युत्पत्ती: जुन्या इंग्रजीत हा शब्द फेकून मारावयाच्या बाणासारख्या अस्त्राला होता.

ही सर्व नोंद एकदा वाचली म्हणजे पाच अर्थ पाच वेळा पाठ करण्याचे प्रयोजन उरत नाही, कारण इकडून तिकडे झेपावणे हा एक भाव त्या साऱ्यांतून वाहताना दिसतो. आणि पुढे कधी वर्तमानपत्रात दोन राजधान्यांमध्ये खेपा घालणाऱ्या मुत्सद्द्यासंबंधी हाच शब्द आला, तरी तो अर्थ कोशात न पाहताही उमगतो. हातमागावरची पैठणी पारखणारे जाणते गिऱ्हाईक नुसत्या पदरावर भुलत नाही, ते वस्त्र उलटून मागची वीणही पाहते; नोंदीचा पहिला अर्थ वाचून कोश मिटणाऱ्याने ही मागची बाजू पाहिलेलीच नसते.

अर्थांचा अनुक्रम सर्व कोशांत एकच नसतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. थोरला ऑक्सफर्ड आणि अमेरिकेतील मेरियम-वेब्स्टर यांसारखे कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतात. परभाषिकांसाठीचे कोश अधिक प्रचारातील अर्थ आधी देतात. त्यामुळे पहिल्या जातीच्या कोशातील पहिला अर्थ हा आजचा मुख्य अर्थ असेलच असे नाही. प्रस्तावनेत याचा खुलासा असतो. प्रस्तावना व संक्षेपांची फेरिस्त ही कोशाची पहिली पाने न वाचता कोश वापरणे म्हणजे निम्मा ग्रंथ फुकट घालविणे होय.

पहिल्या अर्थाने होणारे घोटाळे

कचेरीच्या कामात पहिला अर्थ धरून बसण्याचा परिणाम कसा होतो, याची काही उदाहरणे पाहू. सँक्शन म्हणजे मंजुरी हे सर्वांस ठाऊक आहे. पण एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्रावर सँक्शन्स लादले असे वाचले म्हणजे तेथे मंजुरी लावता येत नाही, तेथे निर्बंध हाच अर्थ आहे, आणि या अर्थी शब्द बहुधा अनेकवचनात येतो ही खूण कोशात दिलेली असते. ओव्हरसाइट म्हणजे देखरेख आणि ओव्हरसाइट म्हणजे नजरचूक, असे दोन परस्परविरोधी अर्थ एकाच शब्दात नांदतात. कोणता कोठे, ते उदाहरणवाक्यांवरूनच ठरते.

खरेदीखत किंवा गहाणखत इंग्रजीत असेल तर अधिकच सावधगिरी पाहिजे. एक्झिक्यूट या शब्दाचा फाशी देणे हा अर्थ चित्रपटांमुळे पोरासोरांसही ठाऊक असतो. दस्तऐवजात त्याचा अर्थ दस्त रीतसर सही करून पुरा करून देणे असा होतो. इन्स्ट्रुमेंट म्हणजे तेथे वाद्य किंवा हत्यार नसून खुद्द तो दस्तऐवज. कन्सिडरेशन म्हणजे विचार नसून मोबदला. पार्टी म्हणजे पक्षकार. अशा अर्थांपुढे कोशात कायदा या विषयाची संक्षिप्त खूण असते. ज्या कागदावर सही करावयाची त्यातील असे शब्द खूण पाहून तपासावेत. त्यानंतरही शंका राहिल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण कोश शब्दाचा अर्थ सांगतो, कराराचा परिणाम सांगत नाही.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द तर विशेषच फसवितात, कारण ते कोशात पाहण्याची गरज कोणास भासत नाही. आपण जेवावयास किंवा चहा घ्यावयास हॉटेलात जातो; इंग्रजी हॉटेल मुख्यतः मुक्कामाची जागा आहे. आपले मटण बहुधा बोकडाचे. इंग्रजांचे मटन मेंढीचे. अशा परिचित शब्दांच्या नोंदी मुद्दाम काढून वाचाव्यात. ज्याविषयी खात्री वाटते तेथेच शिकण्यासारखे पुष्कळ निघते.

उच्चाराच्या आणि व्याकरणाच्या खुणा

उच्चाराच्या चिन्हांना भिऊ नये. त्यांची किल्ली कोशाच्या आरंभी किंवा पानाच्या तळाशी असते आणि आठवड्याभरात ती सवयीची होते. त्यांतील सर्वांत उपयुक्त चिन्ह म्हणजे शब्दाच्या अवयवाच्या (सिलॅबलच्या) आधी वर दिलेली लहानशी उभी रेघ; ती आघाताची जागा दाखविते. मराठीत आघाताने शब्दाची जात सहसा बदलत नाही, म्हणून आपण तिकडे काणाडोळा करतो. परंतु इंग्रजीत रेकॉर्ड किंवा ऑब्जेक्ट या शब्दांत आघात पहिल्या अवयवावर असेल तर ते नाम होते आणि दुसऱ्यावर असेल तर क्रियापद, आणि बोलताना ऐकणारा याच भेदावरून अर्थ ओळखतो.

नामापुढे ते मोजता येणारे आहे की नाही याची खूण असते. फर्निचर, इन्फर्मेशन, अडव्हाइस ही नामे मोजता न येणारी आहेत. त्यांना अनेकवचनाचा प्रत्यय लावून लिहिलेले असंख्य अर्ज आपल्या पाहण्यात येतात. क्रियापदापुढे कर्माची अपेक्षा आहे की नाही आणि त्यामागून कोणते शब्दयोगी अव्यय येते, हे पाहावे. गेट, टेक, सेट, रन असल्या चिमुकल्या क्रियापदांच्या नोंदी पानेच्या पाने व्यापतात. त्या टाळून मोठाले शब्द पाठ करणाऱ्याचे इंग्रजी कागदावर भारदस्त दिसते पण बोलताना अडते. अशी एक नोंद आठवडाभर पुरवून वाचावी. तसेच एखाद्या अर्थापुढे जुना, बोलीतील, अनादरदर्शक किंवा अमेरिकेतील अशी सूचना असल्यास ती ओलांडून जाऊ नये. मामलेदारांस लिहिलेल्या अर्जात बोलीतील शब्द आणि मित्राच्या पत्रात कायद्याचा शब्द दोन्ही सारखेच विशोभित दिसतात.

शेजारच्या नोंदी

नोंद पुरी वाचल्यावर वाचकाने त्याच पानावर थोडे इकडेतिकडे हिंडावे. शटलच्या वर शट म्हणजे मिटणे आणि शटर म्हणजे झडप आहे, खाली शटलकॉक आहे, त्याखाली शाय म्हणजे लाजाळू. यांपैकी काही एकमेकांचे आप्त असतात, तर काहींचे नाते केवळ वर्णक्रमाने लागलेले असते. कोण आप्त आणि कोण नुसता शेजारी, हे व्युत्पत्ती पाहून ठरविण्यात मोठी गंमत आहे. लूम हा शब्द काढला तर शीर्षशब्दाच्या खांद्यावर एक व दोन असे बारीक आकडे लावलेल्या दोन स्वतंत्र नोंदी दिसतील: पहिली मागाची, दुसरी धुक्यातून एखादी मोठी आकृती अस्पष्ट व भयप्रद उभी राहण्याची. असे आकडे दिसले म्हणजे समजावे की अक्षरे तीच असली तरी शब्द दोन आहेत, आणि एकाच्या अर्थावरून दुसऱ्याचा अर्थ काढू नये.

विषय धरून हिंडण्याचीही एक रीत आहे. विणकरांच्या गावात कापडाच्या शब्दांपासून आरंभ करावा. कॅलिको हे नाव कालिकत बंदरावरून पडले, मस्लिन हे इराकातील मोसुल शहरावरून, चिंट्झ हे आपल्या छिटावरून आणि बँडाना हे बांधणीच्या रंगकामावरून. वार्प म्हणजे ताणा, पण तोच शब्द लाकूड वाकडे होण्यासही लावतात. रीड म्हणजे मागाची फणी, तसेच बोरूचे गवत आणि वाद्यातील पट्टी. मुंगूस हा प्राणी तर आपल्या मराठी नावानेच इंग्रजीत जाऊन मॉन्गूस झाला, आणि त्याचे अनेकवचन गूस या शब्दाप्रमाणे गीस न होता साधा प्रत्यय लागून होते, हेही त्याच ओळीत सांगितलेले असते. सुताराने आपल्या हत्यारांचे, शेतकऱ्याने आपल्या पिकांचे, परिचारिकेने आपल्या रुग्णालयाचे शब्द असेच काढावेत. ज्या वस्तू हाताखालच्या आहेत त्यांच्या व्याख्या इंग्रजीत वाचताना मराठी प्रतिशब्दाची गरज पडत नाही, आणि इंग्रजीतून थेट अर्थ ग्रहण करण्याची सवय तेथेच लागते.

मोबाइलवरील कोशास आम्ही नावे ठेवीत नाही. उच्चार ऐकण्यास त्याच्यासारखे साधन नाही, आणि मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोशही शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातून तेथे विनामूल्य पाहता येतो. परंतु तेथे मागितलेला शब्द तेवढा पुढे येतो, शेजारचे शब्द येत नाहीत. तेव्हा प्रवासात व घाईत मोबाइल, आणि घरी निवांतपणी छापील ग्रंथ, अशी वाटणी करावी.

वही आणि वेळ

रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. त्याहून अधिक बसल्यास शब्द डोळ्यांपुढून जातात आणि मनात उतरत नाहीत. आरंभ नेहमी वाचनात अडलेल्या एखाद्या शब्दापासून करावा, कारण निमित्तावाचून उघडलेला कोश फार वेळ धरवत नाही. दोन किंवा तीन नोंदी पूर्ण वाचाव्यात, शेजारच्या दहाबारा नुसत्या पाहाव्यात, आणि वहीत मोजक्याच उतरून घ्याव्यात.

वहीतील प्रत्येक नोंदीस चार ओळी द्याव्यात. पहिल्या ओळीत शब्द जेथे भेटला ते मूळ वाक्य; दुसरीत त्या वाक्यापुरता अर्थ, आपल्या घरी बोलतो त्या मराठीत; तिसरीत त्याची रचना, म्हणजे मागून कोणते अव्यय येते, अनेकवचन होते की नाही; चौथीत आपण स्वतः केलेले, आपल्या गावाविषयी किंवा कामाविषयी असलेले वाक्य. दुसरी ओळ लिहिताना मराठी शब्द आठवत नसेल तर मराठी कोश काढावा. येथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उलट बाजूने फार उपयोगी पडतो. आपल्या आजीच्या तोंडच्या शब्दास त्या साहेबाने व त्याच्या शास्त्र्यांनी कोणता इंग्रजी अर्थ दिला हे पाहताना दोन्ही भाषांची कुवत कळते. आठवड्याच्या अखेरीस वही उघडून पहिल्या ओळीखालचा मजकूर झाकावा आणि स्वतःस विचारावे. जो शब्द दोन वेळा विसरला तो पुन्हा कोशात पाहावा, वहीत पाहू नये.

घरात वडील माणसे असतील तर त्यांनीही यात भाग घ्यावा. मुलाने इंग्रजी व्याख्या मोठ्याने वाचावी, आणि आजोबांनी किंवा आईने तिच्यासाठी मराठीत काय म्हणतात ते सांगावे. इंग्रजी न येणाऱ्यालाही या कामात मानाचे स्थान आहे, कारण मुलाची अडचण पुष्कळदा मराठी शब्द न आठवण्याची असते.

या अभ्यासाची प्रगती पाठ झालेल्या शब्दांच्या संख्येवरून मोजू नये. प्रथम प्रथम वाचक कोश उघडतो तो अमुक शब्दाचा अर्थ काय हे विचारण्यासाठी. काही महिन्यांनी अर्ज किंवा पत्र लिहिताना तो, सुचलेले दोन शब्द समोर ठेवून, येथे यांतला कोणता बसेल हे ठरविण्यासाठी तोच कोश उघडू लागला, आणि ठरविल्यावर त्याचे कारण घरच्यांना मराठीत सांगू शकला, तर त्याचा अभ्यास योग्य मार्गाने चालला आहे असे खुशाल समजावे.